व्हिक्टोरियाच्या लाल मातीत सोनं शोधायला कोणता मेटल डिटेक्टर?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या सोनपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी माती लोहखनिजांनी भरलेली. तिथे व्हीएलएफ, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरी सतत सोडणारा डिटेक्टर, सारखा कुरकुरतो. चार पावलांवर जमीन बदलली की ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज दाबणारी जुळणी, पुन्हा करा. पल्स इंडक्शन या दुसऱ्या प्रकारच्या डिटेक्टरचं तसं नाही. तो जमिनीत चुंबकीय झटका देतो, थांबतो, मग ऐकतो; तोवर मातीचा प्रतिसाद बराचसा विरलेला असतो, सोन्याच्या गड्ड्याचा रेंगाळतो. म्हणून खोलवरच्या सोन्यासाठी तोच सरस.

पण लोखंड ओळखण्यात तो कच्चा. जुन्या खाणवस्तीत दिवसभर गंजके खिळेच उकराल! शिवाय महाग. सौम्य, कचऱ्याच्या जमिनीत मी व्हीएलएफच घेईन. किंगोवरजवळचा सुमारे २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गड्डा १९८० मध्ये सापडला, तेव्हा डिटेक्टर बनवणाऱ्या मिनलॅब कंपनीचं सोन्यासाठीचं पल्स इंडक्शन यंत्र बाजारात आलंही नव्हतं.