सस्पेन्स, गनस्मोक की एक्स मायनस वन? जुन्या अमेरिकी श्रुतिका ऐकायला कुठून सुरुवात करावी

अमेरिकी रेडिओच्या बहराच्या काळातल्या हजारो श्रुतिका आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात, आणि नवा श्रोता नेमका तिथेच अडतो. एका मालिकेची यादी उघडली की शेकडो फाइली समोर येतात, त्यात एकाच भागाच्या तीन-चार प्रती. पहिलीच प्रत खरखरीची लागली की माणूस परत फिरकत नाही. म्हणून मालिका निवडताना तिची प्रतही त्याच वेळी निवडावी. कुठल्या मालिकेला कुठला दोष सोसतो आणि कुठला मारतो, हे प्रत्येकीचं वेगळं आहे.

सीबीएस या अमेरिकी रेडिओ नेटवर्कची 'सस्पेन्स' (१९४२–६२) माणसाच्या आवाजावर उभी आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र, बहुतेक अर्ध्या तासाचे. सुरुवात 'सॉरी, राँग नंबर'ने करावी. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावते, क्रॉस कनेक्शन लागतं आणि दोन पुरुष खुनाचा बेत पक्का करताना तिला ऐकू येतात. त्यानंतर आहेत ती, फोन आणि पलीकडचे ऑपरेटर. ती भूमिका करणाऱ्या नटी ॲग्नेस मूरहेडचा आवाज आधी किरकिरा, मग हुकमी आणि शेवटी पार फाटलेला. ज्या तबकडीवर कार्यक्रम मुद्रित झाला तिची थोडी चरचर या नाटकाला बाधत नाही, कारण सगळं माइकजवळच्या बोलण्यात आहे.

मूरहेडने या मालिकेत हे नाटक आठ वेळा केलं, त्यामुळे तारीख पाहून घ्या. २५ मे १९४३च्या पहिल्या प्रयोगात शेवटाजवळ एका नटाचं वाक्य वेळेवर आलं नाही आणि शेवट नीट कळतच नाही. त्याऐवजी ६ सप्टेंबर १९४५चा प्रयोग घ्या, फाइलीच्या नावात बहुधा ४५-०९-०६ असं असतं. त्या काळी मोठी नेटवर्कं नाटकं थेट प्रक्षेपित करत आणि पश्चिम किनाऱ्यासाठी तोच खेळ काही तासांनी पुन्हा होई. म्हणून एकाच तारखेची दोन ध्वनिमुद्रणंही वेगळी निघू शकतात.

'गनस्मोक' (१९५२–६१) हीदेखील सीबीएसचीच, पण तिचा जीव शांततेत आहे. कॅन्ससमधलं डॉज सिटी, मार्शल मॅट डिलनच्या भूमिकेत विल्यम कॉनरॅड. फळ्यांच्या पायवाटेवर कुणीतरी चालत येतं, टाचेची आर किणकिणते, दार करकरतं, आणि मग कुणी काहीच बोलत नाही. त्या रिकाम्या क्षणात लांबवर कुत्रं भुंकतं. गावाचा आवाका, खोलीचा आकार, समोरचा माणूस किती अंतरावर आहे, सगळं कानाला कळतं. म्हणूनच खरखर काढण्याच्या नादात जास्त धुतलेली प्रत इथे घात करते. तो फिल्टर बारीक आवाजांनाही खरखरच समजतो आणि पावलं, कुत्रं, वारा सगळं पुसून टाकतो. हलकी सळसळ राहिलेली प्रत चालेल, संवाद थांबताच मुकी होणारी नको.

भाषेची भीती बाळगू नका. बोली पश्चिमेकडची असली तरी माणसं सावकाश बोलतात, दोन-तीन भागांत कान बसतो. २७ डिसेंबर १९५२चा 'द केबिन' हा या मालिकेतला फार ताकदीचा भाग आहे: हिमवादळात सापडलेला डिलन, एक झोपडी, आत दोन गुंड आणि त्यांच्या तावडीतली बाई. घरात मुलं असताना तो लावू नये.

एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कच्या 'एक्स मायनस वन'बद्दल (१९५५–५८) थोडक्यात सांगता येतं. विज्ञानकथा आवडत असतील तर हीच घ्या. सव्वाशेच्या आसपास भाग आहेत आणि प्रती बहुतेक स्वच्छ. गंमत कल्पनेत असल्यामुळे स्वयंपाक करता करता मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकता येते. 'गनस्मोक'ला मात्र इअरफोन आणि बंद दार लागतं. एकच संध्याकाळ देऊन पाहायची असेल तर 'सस्पेन्स'. रोज रात्री अर्धा तास, वर्षभर पुरेल असं हवं असेल तर निःसंशय 'गनस्मोक'.

आता प्रतीची पारख. अर्ध्या तासाची फाइल ६४ केबीपीएसला (आवाजाच्या दर सेकंदाला किती माहिती साठवली, त्याचं माप) साधारण १४ एमबी भरते, ३२ला ७ एमबी, १२८ला २८ एमबी. ७ एमबीच्या फाइलीत 'स', 'श' पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात. २८ एमबी म्हणजे चांगलीच असंही नाही, ७ एमबीचीच कुणी मोठी करून ठेवलेली असू शकते. फौजेच्या रेडिओसाठी काढलेल्या प्रतींतून जाहिराती कापून मोकळी जागा संगीताने भरलेली असते. घाई नसेल तर जाहिरातींसकट ऐका, नाटकाचा मूळ ताल तसाच मिळतो.

पंधराव्या मिनिटाच्या आसपास आवाज एकदम बदलला तर फाइल बिघडलेली समजू नका. १६ इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण १५ मिनिटंच मावत, तिथे बाजू किंवा तबकडी बदललेली असते.

सगळ्यांचे आवाज बारीक आणि घाईचे वाटले तर मात्र तबकडी किंवा टेप जास्त वेगाने वाजवून उतरवलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून वेग उणे ३ टक्के करा. टेम्पो बदलू नका, त्याने गती उतरते पण स्वर चढाच राहतो. मग त्याच मालिकेच्या चांगल्या प्रतीतला ओळखीचा आवाज, 'गनस्मोक' असेल तर कॉनरॅडचा, शेजारी लावा आणि दोन्ही आवाज जुळेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने सरकवत जा.