नियामकाची नेमणूक कशी जोखावी: ट्राय आणि एफसीसी

दूरसंचार नियामकपदी झालेली नेमणूक योग्य की अयोग्य, हे ठरवताना आपण बहुधा त्या व्यक्तीची आधीची नोकरी पाहतो. भारतातील ट्राय (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण) आणि अमेरिकेतील एफसीसी (फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे तिथला दूरसंचार आयोग) यांची तुलना केल्यास ही कसोटी फारशी भरवशाची नसल्याचे दिसते. एफसीसीचे माजी अध्यक्ष टॉम व्हीलर पूर्वी केबल आणि मोबाइल कंपन्यांच्या संघटनांचे प्रमुख होते. तरी २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सर्व मजकुराला समान वागणूक देण्याचे, कडक नियम त्यांच्याच काळात आले. एकेकाळी व्हेरायझन या दूरसंचार कंपनीचे वकील असलेल्या अजित पै यांच्या अध्यक्षपदाच्या कारकिर्दीत २०१७ मध्ये ते रद्द झाले.

म्हणून नेमणुकीची पद्धत पाहावी. एफसीसीच्या पाचही आयुक्तांची नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट त्यांना मान्यता देते आणि एकाच पक्षाचे तीनपेक्षा जास्त आयुक्त असू शकत नाहीत. उमेदवाराला सिनेटच्या समितीपुढे जाहीर प्रश्नांना तोंड द्यावे लागते. या छाननीला विलंबाचा धोका आहेच: आयुक्तपदासाठी गिगी सोन यांचे नाव ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाले, मार्च २०२३ मध्ये त्यांनी माघार घेतली आणि पाचवी जागा भरेपर्यंत आयोग दोन पक्षांत २-२ असा विभागलेला राहिला.

ट्रायचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमते. संसदेच्या मान्यतेची तरतूद ट्रायच्या १९९७ च्या कायद्यात नाही. मुदत तीन वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते. जागा लवकर भरता येते, हे खरे. पण बीएसएनएलची मालकी ज्या सरकारकडे आहे, तेच बीएसएनएलवर देखरेख करणारा नियामक निवडते, ही अडचण मला विलंबापेक्षा गंभीर वाटते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ३० वर्षांचा अनुभव असलेल्या, कंपनीच्या संचालक मंडळावर किंवा मुख्य कार्यकारी पदावर काम केलेल्या व्यक्तीलाही अध्यक्षपद खुले केल्याने तर उघड छाननीची गरज वाढलीच आहे.

निवृत्तीनंतरच्या वाटाही तितक्याच महत्त्वाच्या. ट्रायचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव करण्यासाठी २०१४ मध्ये अध्यादेश काढून सरकारी नोकरीवरील कायमची बंदी दोन वर्षांवर आणली गेली, आणि त्या दोन वर्षांतही केंद्राच्या पूर्वपरवानगीने पद स्वीकारण्याची मुभा ठेवली गेली. पुढचे पद सरकारच्याच मर्जीवर अवलंबून असेल, तर नियामक कितीही जाणकार असला तरी माझा कौल एफसीसीच्या संथ पण उघड पद्धतीलाच राहील.