आठ महिने बेसबॉलचा गेम खेळल्यावर: क्रिकेटवाल्याचा हात, गावची लाईन अन् बाकीचं सगळं

हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम मागच्या दिवाळीत घेतला, आता मृग लागला, म्हणजे सात-आठ महिने झाले पकडा. गेमचं नाव मुद्दाम टाकत नाही. मागे एका फवारणी पंपाबद्दल लिहिलं होतं तर पंप राहिला बाजूला अन् लोकं कंपनीवरूनच भांडत बसले, ते झंझट पुन्हा नको. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) ३० च्या ३० टीम खऱ्या नावानं, खऱ्या ग्राउंडसकट आहेत, ज्याला समजायचं त्याला समजते.

आधी कोण बोलून राहिला ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात गाव, माझं कृषी केंद्र आहे. जून ते सप्टेंबर मरायला फुरसत नसते, पण तूर घरात आली की मग मे पर्यंत दुकानात माशा मारायच्या. कन्सोल घेतलं पुण्याहून नोकरी सोडून आलेल्या दोस्ताकडून, सेकंडहँड, अन् ही डिस्क त्यानं वरून फुकटात दिली कारण ती कोणी घेऊनच नव्हतं राहिलं. मला क्रिकेटची पाहिजे होती, पिशवीतून निघाली बेसबॉलची. म्हटलं चला, बॅट आहे, बॉल आहे, किती वेगळं असन. आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये शेवटच्या ओव्हरला मला पाठवतात, कारण काहीही आलं तरी मी घुमवतो. हेच घुमवणं पहिले दोन महिने नडलं.

कसं आहे, की क्रिकेटमध्ये बॉल सोडला तर एक बॉल वाया गेला, बस. इथं प्रत्येक बॉलचा हिशोब चालू राहते. बॅट्समनच्या गुडघ्यापासून छातीच्या थोडं खालपर्यंत एक चौकोन असते हवेत, त्यात आला अन् तुम्ही सोडला तर स्ट्राईक, बाहेरचा सोडला तर तुमच्या खात्यात जमा. असे बाहेरचे चार जमा झाले की चालत फर्स्ट बेसवर (पळायच्या चार थांब्यांतला पहिला, चारही फिरून आलं की रन) जायचं, तीन स्ट्राईक झाले की घरी. पण बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवली अन् लागली नाही तर तोही स्ट्राईक. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला समोरचा कॉम्प्युटर चौकोनात बॉल टाकायचंच बंद करते. मी डिसेंबर अख्खा बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवण्यात घालवला. एका मॅचमध्ये तर माझे १६ जण स्ट्राईक-आऊट झाले, अन् ते पण तीन इनिंग जास्तीच्या खेळून नाही, साध्या ९ इनिंगमध्ये.

स्पीडचं पण डोक्यात घ्या. आपली पिच २०.१२ मीटरची, इथं फेकणारा १८.४४ मीटरवर उभा, अन् बॉल टप्पा घेत नाही, सरळ येते. ९५ मैलाचा म्हणजे १५३ किलोमीटरचा फास्टबॉल साधारण ०.४ सेकंदात येऊन पडते. तेवढ्यात ठरवायचं की मारायचा का सोडायचा, अन् मारायचा तर डाव्या स्टिकनं स्क्रीनवरचा बॅटचा गोल नेमका त्या जागी न्यायचा. त्यातून स्लायडर म्हणून एक प्रकार आहे, तो हातातून सुटते तेव्हा मधोमध दिसते, गरीब गाय वाटते, अन् शेवटच्या क्षणी बाहेर पळते. आमच्या मंडईतल्या एका अडत्याची आठवण येते मला त्यावरून, असो.

मार्च २०१८ मध्ये जामठ्याला (नागपूरचं स्टेडियम) वसीम जाफरनं इराणी कपमध्ये विदर्भाकडून २८६ काढले होते. मी त्यातला एक दिवस उन्हात बसून पाहिला होता अन् खरं सांगतो, बोअर झालो होतो, म्हटलं हा माणूस ऑफस्टंपबाहेरचे बॉल सोडूनच राहिला. ते आता या गेममुळे समजलं, सात वर्षांपेक्षा जास्त टाईम लागला. जानेवारीत मी एक नियम केला, पहिला बॉल काहीही असो, मारायचा नाही, बटनावरून अंगठाच उचलून ठेवायचा. पंधरा दिवसात फरक. समोरच्या पिचरचा (फेकणाऱ्याचा) बॉलचा आकडा फुगत जाते, पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत ८०-९० बॉल टाकून तो थकते, स्पीड दोन-तीन मैलानं उतरते, फेकायचा तिथं पडत नाही, अन् मग त्याला धुवायचा. ही गोष्ट गेमनं इतकी बरोबर जमवली आहे न, की यासाठीच मी आठ महिने टिकलो. मी आजवर जितके गेम खेळलो त्यात काही न करण्याचे मार्क देणारा हा एकच.

आता मोठी चूक सांगतो, माझी, पण घेणाऱ्याच्या कामाची आहे. सुरुवातीला घरच्या टीव्हीवर खेळायचो. दर वेळेस बॅट फिरवली की स्क्रीनवर यायचं ‘उशीर’, पुन्हा ‘उशीर’, पुन्हा ‘उशीर’. मला वाटलं आपला हातच म्हातारा झाला. पुतण्या (आठवीत आहे, शाळेत सॉफ्टबॉल खेळते) म्हणे, “काका, तुमी मारून त बराबर रायले, टीव्हीच उशिरा दाखवून रायला.” पोट्टं बरोबर होतं. टीव्ही चित्र गोरंगोमटं करायच्या नादात थोडं थांबवून दाखवते, सिरीयल पाहताना काही समजत नाही, इथं ०.४ सेकंदाच्या धंद्यात सगळं वाटोळं. सेटिंगमध्ये चित्राच्या मोडमध्ये जाऊन ‘गेम’ करा, ते नसन तर टीव्हीचे सगळे सजावटीचे पर्याय बंद करा. आमच्या टीव्हीत गेम मोड नव्हता, शेवटी तालुक्यात बंद पडलेल्या सायबर कॅफेवाल्याकडून १८ इंची मॉनिटर ९०० रुपयात आणला. आवाज येत नाही त्यातून, हेडफोन कंट्रोलरला लावतो. पण आईची सिरीयल अन् माझी मॅच हे भांडण पण मिटलं.

फिल्डिंगचं एक फार आवडलं. कंट्रोलरवर उजवीकडची चार बटनं असतात न, त्यांचा आकार अन् बेसचा आकार एकच: उजवं बटन फर्स्ट बेस, वरचं सेकंड, डावं थर्ड, खालचं होम. बॉल उचलला की जिथं फेकायचा त्या बाजूचं बटन दाबायचं, बस. पुतण्याला सांगावं पण लागलं नाही. पण तीच फिल्डिंग दगा पण देते. बॉल सटकला की खेळाडू आधी एक पाऊल उलटं टाकून मग पळते, काही वेळा पायाजवळून बॉल जाऊन राहिला अन् गडी पुतळ्यासारखा, कारण त्याची आधीची हालचाल पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही. अशा एका बॉलवर मी नवव्या इनिंगला मॅच घालवली, त्या रात्री जेवलो नाही नीट.

ग्राउंडं मात्र वा. आमच्या गावच्या मैदानावर एका बाजूला पाण्याची टाकी आहे, तिकडं मारला तर आऊट, दुसरीकडं पाटलाची पऱ्हाटी, तिकडं गेला तर दोनच रन. मला वाटायचं असे नियम गरिबांचेच असतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक ग्राउंडचं माप खरोखरचं वेगळं राहते. बोस्टनचं ग्राउंड १९१२ चं आहे, तिथं डाव्या बाजूला जागाच कमी, म्हणून ११ मीटरपेक्षा उंच हिरवी भिंत, बाकी कुठं होम रन (आपला सिक्सच समजा) जाणारा बॉल तिथं भिंतीवर आपटून खाली येते. डेन्व्हरचं ग्राउंड समुद्रापासून १६०० मीटर वर, हवा विरळ, बॉल लांब जाते, पिचरचा कर्व्ह कमी वळते. गेममध्ये हे सगळं जाणवते. डेन्व्हरला मी पहिल्यांदा एका मॅचमध्ये चार होम रन मारले अन् दोन दिवस हवेत होतो, मग पुतण्यानं डेन्व्हरची भानगड सांगितली. त्याचा जीव सगळा ओहतानीवर, हा जपानचा गडी फेकते पण अन् मारते पण, २०२४ च्या एका सीझनमध्ये ५४ होम रन अन् ५९ बेस चोरले (म्हणजे कोणी न मारताच, पिचर फेकत असताना पळून पुढचा बेस घेतला). “आपल्याकडं ऑलराऊंडर म्हणजे दोन्ही थोडं थोडं, याचं दोन्ही पुरंच,” हे पुतण्याचं मत, मी फक्त लिहून राहिलो.

शिकवण्यात गेम कच्चा आहे. बटनं शिकवते, खेळ शिकवत नाही. असं धरूनच चालते की तुम्ही लहानपणापासून अमेरिकेत बेसबॉल पाहून राहिले. रनरला अंगाला बॉल लावून आऊट कधी करायचं अन् नुसता बेसवर पाय देऊन कधी होते, हे मला महिनाभर समजलं नाही. शेवटी असं समजलो, राशनच्या लाईनसारखं: मागचा पुढं सरकला अन् तुमच्या जागेवर त्याचा हक्क लागला, तर तुम्हाला पुढं जावंच लागते, तेव्हा बॉल हातात असलेल्या फिल्डरनं पुढच्या बेसवर नुसता पाय दिला तरी तुम्ही आऊट. मागून कोणी ढकलत नसन तर तुमच्या अंगाला बॉल लावावा लागते. अन् कॅच झाला तर रनरनं आधी आपल्या बेसला येऊन टेकायचं, मगच पळायचं. एवढ्या दोन ओळी त्यांनी टाकल्या असत्या तर माझ्या वीसेक मॅच वाचल्या असत्या. कॉमेंट्री इंग्रजी, ते ठीक, पण दोन महिन्यात पाठ होते, तोच किस्सा तोच माणूस पुन्हा सांगते. मी आवाज बंद करून भजनं लावतो आता.

ऑनलाईनबद्दल जास्त बोलत नाही. कार्डांची पाकिटं उघडायची, खेळाडू जमवायचे, खेळून पण मिळतात अन् पैसे देऊन पण. एक गोष्ट खरी की पैसा न लावता पण बऱ्यापैकी टीम होते, पण त्याला रोज हजेरी लागते, नोकरीच झाली ती. अन् आपल्याकडच्या नेटवर समोरच्याचा बॉल अर्ध्या रस्त्यात गायब होऊन ग्लोव्हमध्ये निघते. पहिला अपडेटच इतका मोठा होता की रोजच्या दीड जीबीत उन्हाळा निघाला असता, कन्सोल पिशवीत घालून यवतमाळला मावसभावाकडं नेलं, रात्रभर लावून ठेवलं, सकाळी तर्री-पोहे खाऊन परत. वहिनी अजून विचारते, पाहुणा मुक्कामाला आला होता का मशीन.

म्हणून माझा मुख्य मोड म्हणजे ऑफलाईन करियर. एक पोट्टा बनवायचा, छोट्या लीगमध्ये सुरू करायचा, वर न्यायचा. मी डावखुरा पिचर बनवला. सीझन १६२ मॅचचा असते पण सगळ्या खेळायची गरज नाही, पुढं ढकलता येते; तूर काढणीच्या आठवड्यात मी तीन आठवड्याच्या मॅच एका बटनात उरकल्या, तेवढ्यात माझ्या गड्यानं मार खाऊन घेतला तो भाग वेगळा. फक्त तुमच्याच खेळाडूची पाळी पण खेळता येते, २० मिनिटात मॅच खतम, दुकान बंद करून जेवणाआधी एक होऊन जाते.

लाईनचं (म्हणजे विजेचं) सांगितल्याशिवाय गावातला रिव्ह्यू पूर्ण होत नाही. मॅच संपेपर्यंत आपोआप सेव्ह होत नाही, मधात सेव्ह करून निघता येते पण ते आधी करावं लागते, लाईन काही सांगून जात नाही. फेब्रुवारीतली गोष्ट, नववी इनिंग, एका रननं पुढं, दोन आऊट (तिसरा झाला की मॅच आपली), तिसऱ्या बेसवर त्यांचा गडी, बाहेरचे तीन बॉल जमा, दोन स्ट्राईक. शेजारचे आबाजी दुकानातून थेट आत येऊन खाटेवर बसलेले, त्यांना नियम काही माहीत नाही पण फेकणाऱ्याचा चेहरा पाहून म्हणे, “हा घाबरला हाय, याले खाली टाकाले लाव.” मी चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसते पण हळू येते तो) घेतला, खालच्या कोपऱ्यात, स्क्रीनवरचं फेकायचं मीटर बरोबर थांबवलं, बॉल हातातून सुटला अन् पंखा बंद. इन्व्हर्टर चालू झाला, पंखा फिरला, कन्सोल मेलेलं. आबाजी अजून विचारतात त्या बॉलचं काय झालं.

त्यावर इलाज सापडला. इन्व्हर्टरच्या मागं एक बटन असते, नॉर्मल अन् यूपीएस, ते यूपीएसवर करा, मग लाईन गेल्यावर तो इतक्या लवकर बॅटरीवर येते की कन्सोलला पत्ता लागत नाही. तेव्हापासून एकदाही बंद नाही पडलं. दुसरं, मे मध्ये ४५ डिग्रीत कन्सोलचा पंखा थ्रेशरसारखा ओरडते, म्हणून लोकं कूलरसमोर ठेवतात, ते करू नका, ओलं वारं आत जाते. मी दुपारी खेळणंच सोडलं. अन् कंट्रोलरची डावी स्टिक सहाव्या महिन्यात आपोआप वरच्या बाजूला सरकायला लागली, म्हणजे बॅटचा गोल दरवेळेस छातीवर. मोबाईल रिपेअरवाल्यानं उघडून साफ केली, ८० रुपये, आत कापसाचे बारीक तंतू निघाले. दुकानात सरकीच्या पोत्यांवर बसून खेळल्यावर दुसरं काय निघन.

कोणी घ्यावा? क्रिकेट गेममध्ये प्रत्येक बॉल सिक्स मारायची सवय असन अन् ती सोडायची नसन तर पैसे वाया. दरवर्षी नवीन काढतात, चार-पाच हजाराचा, त्यात फरक खेळाडूंच्या नावाचा जास्त, म्हणून एक-दोन वर्ष जुनी डिस्क पाहा. लेव्हल सगळ्यात सोपीपासून सुरू करा, लाज नाही त्यात.

सध्या बियाण्याची गर्दी आहे, मी आठ दिवसात मशीन लावलं नाही. पुतण्यानं माझ्या डावखुऱ्याला परस्पर दुसऱ्या टीमला विकून टाकलं असं कळलं आहे, ते आज रात्री पाहतो.