बँकॉकला गेलात तर भगव्या झेंड्याच्या बोटीत बसा

हॉटेलच्या रिसेप्शनवर प्रायव्हेट बोटीचा भाव विचारला तर तासाभराचे १५०० बाट म्हणाले, बाट अडीच रुपयाचा धरला तरी पावणेचार हजार झाले की. बायको हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "अरे इथली माणसं रोज कामाला जातात ती काय पावणेचार हजार मोजून जातात का?" झालं, तिथून पुढचे दोन दिवस आम्ही चाओ फ्राया नदीवरच्या साध्या लोकल बोटीने फिरलो, आणि हा रिव्ह्यू त्या बोटीचाच. गेलो होतो डिसेंबर २०२४ ला, सगळे भाव तेव्हाचे.

बीटीएसच्या (म्हणजे तिथली उंचावरून धावणारी मेट्रो) सफान ताक्सिन स्टेशनला उतरायचं, खाली आलं की लगेच सथॉर्नचा धक्का. इथे लक्ष ठेवा. धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या टुरिस्ट बोटीचं तिकीट गळ्यात मारायला माणसं उभीच असतात. त्या बोटीला निळा झेंडा, एका वेळचे ३० बाट, दिवसभराचा पास १५०. बोट चांगलीये, ऐसपैस बसता येतं, नाही कशाला म्हणू. पण त्याच धक्क्यावर भगव्या झेंड्याची बोट लागते (ऑरेंज म्हणतात तिथे, आई शेवटपर्यंत भगवाच म्हणत होती) आणि तिचं तिकीट कुठेही उतरा १६ बाट, म्हणजे चाळीस रुपये, त्यात पार नोन्थाबुरीपर्यंत जाता येतं, तासाहून जास्त नदीतनं.

आता बोट धक्क्याला "थांबते" असं काही मी म्हणणार नाही. मागच्या टोकाला एक पोरगा उभा असतो, तो शिट्ट्या मारून पुढच्या चालकाला अंदाज देतो, बोट धक्क्याला आपटते, दोरीचा एक वेढा खुंटाला पडतो आणि तेवढ्यात उतरणाऱ्यांनी उतरायचं, चढणाऱ्यांनी चढायचं, की सुटली. आईच्या गुडघ्यांमुळे मला धाकधूक होती, पण बाईने तीस वर्षं डोंबिवलीहून फास्ट पकडलीये, मी वळून बघतोय तर ती आत जाऊन कडेची सीट धरून बसलेली, वर माझ्यासाठी बाजूला पिशवी ठेवलेली! तिकिटाची बाई हातात पत्र्याची लांबट नळी घेऊन फिरते, नाणी आणि तिकिटं सगळं त्यातच, आणि ती नळी सारखी खडखड वाजवत असते, पूर्वी बेस्टचा कंडक्टर चिमटा टकटकवायचा ना, सेम. भिक्षूंसाठी वेगळी जागा असते, तिथे बसू नका.

था तियनच्या धक्क्याला उतरलं की वाट फो (वाट म्हणजे थाईत देऊळ), तिकीट ३०० बाट. आतला आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे, फोटोत मावतच नाही, पण मला आवडले ते त्याचे तळपाय, शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला १०८ कटोऱ्यांची रांग, लोक एकेकात नाणं टाकत जातात, सगळ्या हॉलभर नुसता टण् टण् आवाज. आईने एकही कटोरा सोडला नाही. मग पाच बाटची फेरीबोट घेऊन नदीपलीकडे वाट अरुणला (२०० बाट). अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी, आणि वर बघितलं तर ऐरावतावर बसलेला इंद्रसुद्धा आहे. जवळ गेल्यावर कळतं की अख्खा मनोरा चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलाय, लांबून नुसतं कोरीवकाम वाटतं. पायऱ्या उभ्या आहेत, आई खालीच बसली.

ग्रँड पॅलेसला ५०० बाट माणशी, तिघांचे १५००, खिशाला लागतं. पण तिथल्या ओवरीत रामायणाची १७८ चित्रं आहेत भिंतीभर, दुपारपर्यंत आमची जेमतेम निम्मी झाली कारण प्रत्येक ठिकाणी "हा कोण, हा अंगद का" चालू. गेटच्या अलीकडे एक टुकटुकवाला भेटला, म्हणे आज पॅलेस बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो. अजिबात ऐकू नका, सरळ चालत राहा, पॅलेस उघडाच होता. आणि मी थ्री-फोर्थ घालून गेलेलो, गुडघे झाकल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे बाहेरून दीडशे बाटची हत्तीछाप पँट घ्यावी लागली. बायकोने त्यातले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलेत, असो.

खाण्याचं म्हणाल तर रात्चावोंगच्या धक्क्याला उतरा, तिथून चालत चायनाटाऊन. आम्ही दोघं काहीही खातो, आई पक्की शाकाहारी. तिला कच्च्या पपईची कोशिंबीर दिसली म्हणून हौसेने घ्यायला गेली, पण त्यात सुकी कोलंबी आणि फिश सॉस असतोच, ऐनवेळी थांबवलं. तिच्यासाठी "जे"ची पाटी शोधायची, पिवळ्यावर लाल अक्षरं, आपल्याला ती इंग्रजी १७ सारखी दिसते, ती असली की मांसमच्छी नाही, अंडं नाही, लसूणसुद्धा नाही. शेवटी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, शंभर बाट. हापूस नव्हे तो, पण आईने दुसरी प्लेट मागवली यातच काय ते समजा.

संध्याकाळी ऑफिसं सुटली की बोटीत उभं राहायलाही जागा नसते, वयस्कर माणूस बरोबर असेल तर चारच्या आत परत फिरा. लहान नाणी आणि वीसच्या नोटा ठेवा जवळ. आम्ही पहिल्याच फेरीला ४८ बाटसाठी हजाराची नोट काढली होती. ती तिकिटाची बाई जे काय बोलली ते थाईत होतं, पण तिघांनाही नीट कळलं.