ओआरएसची साधी पुडी: चव बेकार, काम चोख

२०२५च्या मे महिन्यात आईला घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते, मिरच्या नि सोलं भरायची होती, आणि तिने भर उन्हात एका गाड्यावर बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला, मी नको नको म्हणत असताना. रात्रीपासून जुलाब सुरू. सकाळी जवळच्या फार्मसीत ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं ते साखर-मिठाचं मिश्रण, द्या म्हटलं तर काउंटरवरच्या पोराने केशरी टेट्रापॅकचे चार खोके हातात ठेवले, नावात ओआरएस लिहिलेलं, मी कशाला मागची बाजू वाचतेय. आई खूश, ज्यूससारखं लागतं म्हणे. बाकी शहाळी आणि साधं पाणी भरपूर.

तिसऱ्या दिवशी ती भलतंच बोलायला लागली, मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती, आणि श्वास तर आधीपासूनच जोरजोरात. ॲडमिट केलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, १२६ निघालं, हवं असतं १३५ ते १४५. बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, त्यातून मीठ जातच होतं, वर जुलाबातून गेलं, आणि आम्ही भरत होतो काय तर पाणी, साखर नि शहाळं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, हे मला तेव्हा कळलं. श्वासाचंही डॉक्टरांनी सांगितलं, की जुलाबातून बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, निघून जातं, रक्त आम्लाकडे झुकतं, मग फुप्फुसं जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मी मात्र दोन दिवस ‘घाबरलीय बिचारी’ म्हणत बसलेले.

घरी आल्यावर खोका वाचला. १०० मिलीला ११ ग्रॅम साखर! डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, फॉर्म्युल्यात लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीला दीड ग्रॅमपण नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द नको असा आदेश काढला, आमच्यासाठी पाच महिने उशिरा.

आता पुडीबद्दल. चवथीत नेवऱ्या-पातोळ्यांवर ताव मारून माझंच पोट बिघडलं तेव्हा मीच गिऱ्हाईक झाले. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, पूर्ण एक लिटर पाण्यात. मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९, बाकी ग्लुकोज. गॅस गेलेला लिंबू सोडा कोणीतरी घाममिश्रित केल्यासारखी चव, खोटं कशाला बोलू. पण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी, म्हणून ते साखरमिठाचं माप. साखर वाढवली की उलट पाणीच आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. आणि सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणजे त्या श्वासवाल्या भानगडीवरचा इलाजही त्यातच. घोट घोट घेत राहिले, संध्याकाळी लघवी पिवळीधम्मकची फिकट झाली, उभं राहिलं की येणारी चक्कर गेली. जुलाब मात्र लगेच थांबत नाहीत हं, ते त्याचं कामच नाही.

तक्रारी आहेत. पुडीला कापायची खूण नाही, दाताने फाडावी लागते, अर्धी पावडर ओट्यावर. गोव्याच्या पावसाळ्यात आतल्या आत दगड होतो. आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ४.२ ग्रॅमची छोटी पुडी पण मिळते, २०० मिलीसाठी, रंग डिझाइन डिट्टो तेच, घाईत कोण वाचतो. मोठी पुडी एका ग्लासात ओतली तर मीठ पाचपट होईल, लहान पोराला तर फारच वाईट. बनवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं, हे इतकं बारीक छापलंय की आईला चष्मा लावूनही दिसलं नाही.

किंमत वीस-बावीस रुपये. त्या चार केशरी खोक्यांच्या पैशात बऱ्याच आल्या असत्या. मीठ घातलेली पेज पण चालते म्हणे, आई तीच बरी म्हणते.

आता कपाटात सहा पुड्या असतात. म्हणजे काल सहा होत्या, आज पाच. आई एक शेजारच्या काकींना देऊन आली, ‘ग्लासभर पाण्यात घाल’ सांगून. तशीच चप्पल न घालता धावले.