मूळ ‘ऑटोबान’ घ्यावे की ‘द मिक्स’?

जर्मनीतील डसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदाचे प्रवाससंगीत ऐकायला घेताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की १९७४ चे मूळ ‘ऑटोबान’, म्हणजे महामार्ग, घ्यावे, की त्याच वाद्यवृंदाने आपल्या जुन्या रचना नृत्याच्या ठेक्यावर नव्याने बांधून १९९१ मध्ये काढलेली ‘द मिक्स’ ही ध्वनिमुद्रिका घ्यावी.

मूळ ‘ऑटोबान’ साडेबावीस मिनिटांहून अधिक चालते आणि तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. गाडीचे दार लागते, इंजिन सुरू होते, भोंगा वाजतो आणि मग रस्ता उलगडू लागतो. समोरून येणाऱ्या गाड्यांचा आवाज सिंथेसायझरवर चढत येतो आणि शेजारून जाताच उतरतो, तर मध्येच वाद्यवृंदातील फ्लोरियान श्नायडर यांची बासरी हवेसारखी आत शिरते. महामार्गावरचा तोचतोपणा आणि त्यातून येणारी एक प्रकारची तंद्री इथे वेळेच्या लांबीतूनच उभी राहते. ‘द मिक्स’मध्ये हीच रचना साडेनऊ मिनिटांच्या आसपास आटोपते, ठेका घट्ट आहे, आवाज स्वच्छ आहेत, पण अंतर कापल्याची जाणीव पातळ होते, आणि मला ते नुकसान मोठे वाटते.

‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’बाबत मात्र माझे मत उलट आहे. १९७७ ची ती रचना रुळांवरच्या चाकांच्या तालावरच उभी आहे, तिच्या लगत येणाऱ्या ‘मेटल ऑन मेटल’मध्ये धातूवर धातू आपटतो, आणि म्हणूनच १९८२ मध्ये अमेरिकी डीजे आफ्रिका बंबाटा यांनी तिची धून न्यूयॉर्कच्या नृत्यसंगीतात सहज नेली. आगगाडीला ताल मुळातच असतो, रस्त्याला तो नसतो. त्यामुळे १९९१ चा जड ठेका या रचनेला उपरा वाटत नाही, उलट गाडीचे वजन त्यातून अधिक जाणवते.

मोठ्या स्पीकरवर, चार माणसांत नाचण्यासाठी हवे असेल, तर ‘द मिक्स’ घ्यावी. एकट्याने, हेडफोन लावून आणि मध्ये न थांबता ऐकणार असाल, तर मूळ ‘ऑटोबान’च घ्यावे आणि तबकडी उलटायला विसरू नये, कारण दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘मॉर्गेनश्पात्सियरगांग’, म्हणजे सकाळचा फेरफटका, आहे. मोटारीच्या त्या लांब प्रवासानंतर तिथे पक्षी किलबिलतात आणि बासरी वाजते. ‘द मिक्स’मध्ये ही रचना घेतलेलीच नाही.