फ्रीझ-आउट की फ्रीझ-इन: सेमिनारला काय घ्यावं?

बेळगावात एमएस्सी करणारी माझी खानापूरची भाची अडलीय. आदिम विश्वात कृष्णद्रव्य (डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) कसं तयार झालं, याचे दोन मार्ग तिच्यापुढे आहेत; सेमिनारला एकच घ्यायचाय. म्हणून हे तिलाच उद्देशून.

फ्रीझ-आउटमध्ये सुरुवातीला कण भरपूर. तप्त प्लाझ्मात, म्हणजे सुरुवातीच्या विश्वातल्या कणांच्या उकळत्या रश्शात, ते जन्मतात, एकमेकांना भिडून नष्टही होतात. तापमान कणाच्या वस्तुमानाच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्यावर उतरलं (दोन्ही ऊर्जेच्या एककात मोजून), की विश्वाच्या प्रसरणामुळे दोघांची गाठच पडेनाशी होते; सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा पांगल्यावर ओळखीचं कुणी भेटत नाही, तसं. उरले ते उरले. फ्रीझ-इनमध्ये सुरुवातीला जवळपास शून्य. प्लाझ्मातून क्वचित एखादा कण गळतो नि साठत जातो.

गंमत पुढेच आहे बघ. पहिल्यात परस्परक्रिया जितकी जोरकस, तितकं कमी उरतं. दुसऱ्यात नेमकं उलट.

पुरावा? फ्रीझ-आउटमध्ये दुर्बल बलाच्या (किरणोत्सारी क्षयामागच्या बलाच्या) ताकदीने परस्परक्रिया करणारा कण घेतला की कृष्णद्रव्याचं आजचं प्रमाण, म्हणजे एकूण द्रव्याच्या सुमारे 85 टक्के, आपोआप जुळतं, याला ‘चमत्कार’ म्हणून फार मिरवलं गेलं. ते सोड. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटातल्या, कृष्णद्रव्याचे कण शोधणाऱ्या एलझेड प्रयोगात सुमारे 10 टन द्रवरूप झेनॉन आहे, तरी असा कण अजून सापडलेला नाही. फ्रीझ-इनचे कण इतके क्षीण, की बहुतेक रूपांत ते अशा टाकीला दाद देणारच नाहीत.

गणित दोन्हीकडे बोल्ट्झमन समीकरणाचं, म्हणजे कणांची संख्या काळानुसार कशी बदलते याच्या हिशेबाचं. फ्रीझ-आउटच्या अचूक उत्तराला संगणक लागतो, फ्रीझ-इन बरंचसं फळ्यावर सुटतं.

प्रयोगांवर बोलायचं असेल, परीक्षकांचे प्रश्न झेलायचे असतील, तर फ्रीझ-आउट घे. वीस मिनिटांत स्वच्छ मांडणी हवी असेल तर फ्रीझ-इन; फक्त “हे तपासणार कसं?” याचं उत्तर तयार ठेव.